लक्झर, २ ऑगस्ट २०२७: माथ्यावरच्या खग्रास सूर्याचे फोटो कसे काढायचे?

नभयात्री

नमस्कार मंडळी,

२ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आम्ही दोघं इजिप्तमध्ये लक्झरला जायचं ठरवतोय. खग्रास स्थिती सव्वासहा मिनिटांच्या वर, सूर्य जवळजवळ माथ्यावर आणि ऑगस्टमधलं दुपारचं ऊन. ग्रहणाच्या फोटोंविषयी जे सर्वसाधारण सल्ले मिळतात त्यातलं इथे किती लागू पडेल, अशी शंका आहे.

सामान असं: फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, १००-४०० मिमी झूम, बॉलहेडचा ट्रायपॉड, आकाशगंगेच्या फोटोंसाठी घेतलेला छोटा स्टार ट्रॅकर (आकाशाच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र). शिवाय क्रॉप सेन्सरचा जुना डीएसएलआर, त्याची १८-५५ लेन्स आणि १०×५० द्विनेत्री. सौर फिल्टर अजून घेतलेला नाही.

प्रश्न:

१. मुक्काम लक्झर शहरात ठेवला तर चालेल, की खग्रास पट्ट्याच्या मध्यरेषेवर जायलाच हवं?

२. ट्रॅकर न्यावा का? नाही नेला तर काय गमावू?

३. फिल्टर कोणता घ्यायचा आणि नेमका कधी काढायचा?

४. एक्सपोजर किती ठेवायचे?

---

छायापट्टा

जागेबद्दल मी लिहितो, कॅमेऱ्याबद्दल इतर जाणकार सांगतील.

लक्झर मध्यरेषेच्या अगदी लगत आहे. या ग्रहणाची कमाल खग्रास स्थिती ६ मिनिटं २३ सेकंद, तीही लक्झरपासून फार लांब नाही. शहरातच ६ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास मिळतात. उरलेल्या दोन-तीन सेकंदांसाठी वाळवंटात गाडी घालण्यात काही अर्थ नाही. खग्रास दिसणारा पट्टा सुमारे २५८ किमी रुंद आहे आणि कालावधी मध्यरेषेजवळ फार हळू घटतो: ५० किमी बाजूला सरकलात तरी साधारण पावणेसहा मिनिटं मिळतात, १०० किमीवर मात्र चारच्या आसपास. कडेकडे घट झपाट्याने होते. कैरो पट्ट्याच्या बाहेर आहे, हे तिकिटं काढतानाच लक्षात ठेवा. 'तिथेही बराच सूर्य झाकला जाणार आहे' या बोलण्याला भुलू नका. एक टक्का सूर्य उघडा असला तरी त्याचा प्रकाश प्रभामंडलाच्या, म्हणजे सूर्याभोवतीच्या फिकट तेजोवलयाच्या, हजारो पट असतो. प्रभामंडल दिसत नाही, अंधार पडत नाही.

संमीलन, म्हणजे खग्रासाची सुरुवात, जागतिक वेळेनुसार १०:०२ च्या सुमारास. इजिप्तची उन्हाळी वेळ तीन तास पुढे, म्हणजे दुपारी १:०२. उन्मीलन, म्हणजे खग्रासाचा शेवट, १:०८ च्या सुमारास. स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, संमीलनाच्या सव्वा ते दीड तास आधी. नेमके सेकंद तुमच्या जागेच्या अक्षांश-रेखांशावरून काढा. झेवियर जुबिए यांच्या परस्परसंवादी नकाशात चंद्राच्या कडेवरच्या डोंगरदऱ्यांची दुरुस्तीही करता येते. ती केली नाही तर वेळ एक-दोन सेकंदांनी चुकू शकते, आणि हिऱ्याची अंगठी (सूर्याचा एकच झगमगता बिंदू आणि भोवतीचं वलय) हुकायला तेवढी चूक पुरेशी आहे.

ढगांची भीती तिथे जवळजवळ नाही, म्हणून तर सगळे तिकडे चाललेत. त्रास देईल ती तापलेली जमीन. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात डांबर, वाळू आणि काँक्रीटच्या गच्चीवरून वर उठणारी हवा लांब लेन्सच्या फोटोत कडा थरथरवते. फोकस अचूक असूनही फोटो मऊ येतो आणि माणूस उगाच फोकसची कडी फिरवत बसतो. हिरवळ, पाणी दिलेलं शेत किंवा नदीकाठची बाग निवडा. गच्चीच घ्यावी लागली तर वातानुकूलन यंत्रांच्या बाहेरच्या पेट्यांपासून दूर उभे राहा.

नाईलवरच्या क्रूझच्या जाहिराती खूप येतील. डोळ्यांनी बघायला बोट छान, पण इंजिन आणि जनरेटर चालू असताना ४०० मिमीला ती कामाची नाही. बोटीवर राहणारच असाल तर त्या दुपारी ती काठाला बांधलेली असेल आणि तुम्हाला जमिनीवर उतरता येईल, हे लेखी घ्या.

ग्रहणाच्या किमान दोन दिवस आधी पोहोचा. सामान एक दिवस उशिरा आलं तरी निभावतं, आणि ठरवलेली जागा आदल्या दुपारी त्याच वेळी जाऊन बघता येते. सूर्य माथ्यावर असल्यामुळे इमारतींचा अडथळा फारसा नाही, पण झाडाची एक फांदी घात करू शकते. पश्चिम-वायव्येकडचं क्षितिज मोकळं असेल तर उत्तम, सावली तिकडून येईल. परतीचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका.

ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय इजिप्तमध्ये आणता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून. सौर फिल्टरही हातातच ठेवा.

---

प्रभामंडल

छायापट्टा यांनी जागेचं नीट सांगितलंय. कॅमेऱ्याबाबत आधी या ग्रहणाचा स्वभाव लक्षात घ्या, कारण त्यावरून सगळा क्रम ठरतो.

खग्रास इतकं लांबतं कारण चंद्र सूर्यापेक्षा जवळजवळ आठ टक्के मोठा दिसणार आहे. मध्याच्या वेळी तो सूर्याच्या कडेबाहेरचा चारी बाजूंचा सुमारे ५४ हजार किमीचा भाग झाकतो. लाल ज्वाला (सूर्याच्या कडेवरून उसळणारे वायूचे लोळ) बहुतेक त्याच्या आतच असतात. म्हणजे सहा मिनिटं हातात असली तरी ज्वालांसाठी फक्त सुरुवात आणि शेवट. संमीलनानंतर पूर्व कडेवरच्या दिसतात, उन्मीलनाआधी पश्चिम कडेवरच्या. वर्णगोलाची, म्हणजे सूर्यपृष्ठावरच्या पातळ थराची, लाल कोर तर आठ-दहा सेकंदांत जाते. मधली चार-पाच मिनिटं बाहेरच्या प्रभामंडलासाठी, आणि तिथे हे ग्रहण फार उदार आहे: सावली रुंद असल्याने आकाश जास्त काळं, त्यामुळे लांबवर गेलेले झोत पकडता येतात.

एफ/८ आणि आयएसओ १०० धरून एक्सपोजर असे:

फिल्टरसह खंडग्रास: १/४०० सेकंद
बेलीचे मणी (चंद्राच्या दऱ्यांतून चमकणारे सूर्याचे ठिपके): १/३२००
वर्णगोल: १/१६००
ज्वाला: १/८००
प्रभामंडल, कडेलगत: १/२००
अर्ध्या सूर्यत्रिज्येवर: १/१२
एका त्रिज्येवर: १/३
दोन त्रिज्यांवर: ०.६ सेकंद
चार त्रिज्यांवर: १.३ सेकंद

हिऱ्याच्या अंगठीला एकच बरोबर आकडा नाही. १/५०० ला हिरा आटोपशीर येतो, १/१२५ ला पसरतो पण अंगठीचं वर्तुळ दिसतं. कॅमेरा पटापट तीन फोटो घेणार असेल तर दोन्ही घ्या.

मधल्या वेळात १/२००० पासून २ सेकंदांपर्यंत दुप्पट-दुप्पट करत १३ फोटोंची शिडी. उघडझापेची वेळ साधारण ४ सेकंद, कॅमेऱ्याचा वेळ धरून ८ ते १० सेकंदांत एक फेरी होते. पाच फेऱ्या पुष्कळ झाल्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत ब्रॅकेटिंग (वेगवेगळ्या एक्सपोजरचे ओळीने फोटो) ७ किंवा ९ फोटोंवर थांबतं. तिथे दोन सेटिंग्ज साठवून मोड डायलवर ठेवा, मेनूत शिरायची वेळ येऊ देऊ नका. रॉ फाइली, वेगवान कार्ड. बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती) भरला की कॅमेरा अडतो, आणि तो नेमका उन्मीलनाला अडतो. म्हणून शेवटची फेरी उन्मीलनाच्या ४५ सेकंद आधी संपवा.

आता ट्रॅकर. त्या दिवशी सूर्य आकाशात सेकंदाला सुमारे १४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. ४०० मिमीवर, ४ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एक पिक्सेल म्हणजे २ विकला. १/८ सेकंदाला घसरण पिक्सेलच्या आत राहते, १/४ ला दोन पिक्सेलपेक्षा कमी, पूर्ण सेकंदाला सात पिक्सेल. म्हणजे ट्रॅकर नसेल तर आयएसओ ४०० करा आणि शिडी १/४ ला थांबवा. दोन त्रिज्यांपर्यंतचं प्रभामंडल तरीही मिळतं. गमावाल ते त्यापलीकडचे झोत आणि चंद्राच्या काळ्या तबकडीवरचा पृथ्वीप्रकाश (पृथ्वीवरून परावर्तित झालेला मंद उजेड). सहा मिनिटांत सूर्य स्वतःच्या तीन व्यासांएवढा सरकतो. ४०० मिमीच्या फुल-फ्रेम चौकटीत तो मावतो, फक्त सुरुवातीला त्याला येणाऱ्या बाजूला थोडा मागे ठेवा, म्हणजे मध्याला तो चौकटीच्या मधोमध येईल.

माझं मत: ट्रॅकर न्या, पण बॉलहेडवर नको. सूर्य ८२ अंश उंच असेल, तिथे लेन्स उभी करायची म्हणजे बॉलहेड खाचेत पूर्ण पाडावं लागतं, वजन मागे जातं आणि उन्हाने मऊ झालेलं ग्रीस ते हळूहळू घसरू देतं. ट्रॅकरला डेक्लिनेशन (क्रांती) ब्रॅकेट आणि प्रतिभार लावा. सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) त्या दिवशी +१७.७ अंश, ती एकदा बसवली की सूर्य माथ्यावर आहे की क्षितिजावर, ब्रॅकेटला फरक पडत नाही. ट्रॅकर चांद्र किंवा तारा गतीवर न ठेवता सौर गतीवर ठेवा.

ध्रुव साधायला, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावायला, दिवसा ध्रुवतारा नाही, पण घाबरू नका. अक्ष २५.७ अंश वर, होकायंत्राने उत्तर, चुंबकीय फरक वजा करून. कॅमेरा आणि ट्रायपॉडचं लोखंड होकायंत्रापासून मीटरभर तरी लांब ठेवा. दोन अंश चुकलात तरी घसरण सेकंदाला अर्ध्या विकलेच्या आसपास राहते, २ सेकंदांच्या फोटोला ती दिसत नाही.

कुणी मोठं जर्मन विषुववृत्तीय माउंट नेणार असेल तर एक धोका आहे. लक्झरला सूर्य मध्यान्हवृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो तो संमीलनाच्या जेमतेम पाच-सहा मिनिटं आधी. माउंट ती रेषा ओलांडताना आपोआप पलटी घेणारं (दुर्बीण दुसऱ्या बाजूला नेणारं) असेल तर ते त्याच वेळी घेईल. स्वयंचलित पलटी बंद करा आणि मध्यान्हानंतर किमान २० मिनिटं ते न धडकता पुढे जातं का, हे आदल्या दिवशी तपासा. ट्रॅकरवाल्यांनीही बघावं: लेन्स वर असली की कॅमेऱ्याचं बूड ट्रायपॉडच्या पायाला टेकतं. मधला दांडा थोडा वर घेऊन किंवा पाय वळवून ती जागा मोकळी करा.

फोकस मॅन्युअल, मॅग्निफाय करून सूर्यडागांवर किंवा कोरीच्या टोकांवर. झूमची आणि फोकसची, दोन्ही कड्या चिकटपट्टीने बांधा. उभ्या लेन्समध्ये झूमची नळी वजनाने आत सरकते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. उन्हाने फोकस बदलतो, म्हणून संमीलनाच्या दहा मिनिटं आधी परत तपासा. स्थिरीकरण बंद. इलेक्ट्रॉनिक शटर किंवा किमान इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा. कॅमेरा आणि लेन्सवर पांढरं सुती कापड किंवा चकाकती शीट, मधल्या वेळी लाइव्ह व्ह्यू बंद. मिररलेस तापून आपोआप बंद पडण्याची शक्यता तिथे खरी आहे. स्पर्शापासूनच सलग व्हिडिओ लावणं म्हणजे ते संकट ओढवून घेणं.

---

डोळस

फिल्टरच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे, ते देतो.

फिल्मचा फिल्टर घ्या, ऑप्टिकल घनता ५ चा, म्हणजे प्रकाशाचा एक लाखावा भागच आत सोडणारा. बाडरच्या फिल्ममध्ये ३.८ घनतेचाही प्रकार येतो, तो फक्त कॅमेऱ्यासाठी आहे. डोळा लावण्याची जरा जरी शक्यता असेल तर तो पिशवीतच नको, दुपारच्या गडबडीत दोन्ही सारखेच दिसतात.

फिल्टर लेन्सच्या पुढेच. आटे असलेला गोल फिल्टर घेऊ नका. फिरवून काढताना लेन्स हलते, आणि सूर्य माथ्यावर असताना परत नेम धरणं सोपं नाही. फोमबोर्डची सरकती टोपी बनवा: लेन्सच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मिलिमीटरभर सैल, आतून मखमली पट्टी, आणि वाऱ्यासाठी बाहेरून चिकटपट्टीचे तीन तुकडे, ज्यांची टोकं दुमडून धरायला जीभ केलेली असेल. फिल्म ताणून बसवू नका. सुरकुत्यांनी काही बिघडत नाही, ताणाने बिघडतं. निघण्याआधी प्रखर दिव्यासमोर धरून छिद्रं बघा.

कॅमेऱ्यावरचा फिल्टर संमीलनाच्या २० सेकंद आधी काढायचा आणि उन्मीलनाची अंगठी टिपून झाली की लगेच, २० सेकंदांच्या आत, परत घालायचा. या दोन्ही वेळी पाहायचं ते पडद्यावर. तुमच्या डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला फिल्टर नसताना डोळा लावायचा नाही.

डोळ्यांवरच्या ग्रहणचष्म्याचं वेळापत्रक कॅमेऱ्यापेक्षा वेगळं आहे. आयएसओ १२३१२-२ चा चष्मा, आणि त्यातून काहीच दिसेनासं झालं की मगच तो काढायचा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यातलं काही चालत नाही. डोळ्यांना सुसह्य वाटलं तरी अवरक्त किरण आत जातात, आणि दृष्टिपटलाला वेदना होत नाही, त्यामुळे इजा होताना कळत नाही.

तुमच्या १०×५० बद्दल कळकळीने सांगतो. ग्रहणचष्मा घालून द्विनेत्रीतून सूर्याकडे बघायचं नाही. एकवटलेला प्रकाश चष्म्याची फिल्म जाळून थेट डोळ्यात जातो. खंडग्रासात बघायचं असेल तर दोन्ही वस्तुभिंगांपुढे फिल्टर हवेत. पण खग्रास स्थितीत तीच द्विनेत्री उघडी धरा. प्रभामंडलाचे तंतू, गुलाबी ज्वाला, कडेचा फिकटपणा, हे कुठल्याही फोटोपेक्षा सुंदर दिसतं. घड्याळावर संमीलनापासून ५ मिनिटं ४० सेकंदांचा गजर लावा आणि तो वाजला की द्विनेत्री खाली. सहा मिनिटं अंधाराला सरावलेला डोळा आणि भिंगातून अचानक उगवलेला सूर्य, ही गाठ पडू द्यायची नाही.

---

नभयात्री

खूप आभार, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. डेक्लिनेशन ब्रॅकेट मागवतो. दोन गोष्टी अजून विचारतो. जुन्या डीएसएलआरवर १८-५५ लावून देवळाचे खांब आणि वर ग्रहण असा एकत्र फोटो काढता येईल का? आणि लॅपटॉपवरून कॅमेरा आपोआप चालवणं त्या उन्हात शहाणपणाचं आहे का?

---

प्रभामंडल

नाही येणार. १८ मिमीला क्रॉप सेन्सर उभा धरला तरी खालपासून वरपर्यंत ६६ अंश मावतात. सूर्य ८२ अंशांवर आहे, म्हणजे क्षितिजासह ९० तरी हवेत. फुल-फ्रेमवर १४ मिमी उभी धरली तर १०४ अंश मिळतात, पण त्यात सूर्य जेमतेम ठिपका आणि खांब आत झुकलेले. खांबांच्या बुडाशी बसून लेन्स वर रोखून केलेली रचना त्यातल्या त्यात बरी. असा फोटो हवा असणाऱ्यांसाठी हे ग्रहण नाहीच. याच ग्रहणात स्पेनच्या टारिफाजवळ सूर्य ३८ अंशांवर असेल, तिथे तो जमतो. बदल्यात खग्रास स्थिती साडेचार मिनिटांच्या थोडी वर, आणि सामुद्रधुनीतला वारा व धुकं.

जुना डीएसएलआर पश्चिम-वायव्य क्षितिजाकडे तोंड करून १८ मिमीवर व्हिडिओला लावा. सावली सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने येते. एक्सपोजर हाताने ठरवून बांधा. ऑटोवर ठेवलात तर अंधार पडताच कॅमेरा तो उजळवून टाकतो आणि चित्रफितीत काहीच घडलेलं दिसत नाही. संमीलनाच्या पाच मिनिटं आधी सुरू करायचा आणि विसरून जायचं.

---

छायापट्टा

लॅपटॉपबद्दल: सॉफ्टवेअर चांगली आहेत, विंडोजवर एक्लिप्स ऑर्केस्ट्रेटर, मॅकवर सोलर एक्लिप्स मेस्ट्रो. जीपीएसवरून वेळ जुळवली की शिडी सेकंदाबरहुकूम चालते. पण तुमचा कॅमेरा त्या यादीत आहे का ते आधी बघा. मिररलेसच्या बाबतीत बऱ्याचदा अडतं. शिवाय उघड्या उन्हात लॅपटॉप तापतो, पडदा दिसत नाही. नेणारच असाल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, तोंड उत्तरेला करून, आणि केबल ट्रायपॉडच्या पायाला बांधून, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी सॉकेट उखडणार नाही.

तुम्ही दोघं आहात आणि सहा मिनिटं आहेत. मला विचाराल तर लॅपटॉप नको. वायर्ड रिमोट आणि आवाजी उलटगणती करणारं एखादं ॲप पुरेसं आहे. फोन विमान मोडवर, सावलीत, वेळ आदल्या रात्री जुळवलेली. एकाने फक्त फिल्टर आणि वेळ सांभाळायची, दुसऱ्याने शटर. दोघांनी एकाच वेळी ट्रायपॉडला हात लावायचा नाही.

तालीम पौर्णिमेला करा. पूर्ण चंद्राची तेजस्विता आतल्या प्रभामंडलाच्या आसपास असते, त्यामुळे फिल्टर न लावता हीच शिडी त्यावर चालवून घसरण, बफर, कंपनं सगळं तपासता येतं. हिवाळ्यातली पौर्णिमा घ्या, तेव्हा चंद्र मध्यरात्री माथ्याजवळ असतो आणि उभ्या लेन्सचा सगळा त्रास घरीच कळतो. उन्हाळ्यातली पौर्णिमा खालून जाते, तिचा उपयोग नाही.

---

प्रभामंडल

एक भर. शिडीतले फोटो नंतर एकावर एक जुळवताना चंद्राच्या कडेवर जुळवू नका. संमीलन ते उन्मीलन यात चंद्र सूर्यावरून सुमारे १५० विकला सरकलेला असतो, तुमच्या ४०० मिमीवर ७० पिक्सेलच्या आसपास. प्रभामंडलाच्या तंतूंवर किंवा चौकटीत आलेल्या ताऱ्यावर जुळवा. आणि खग्रास संपल्यावर, कॅमेरा गरम असतानाच, लेन्सवर टोपी घालून शिडीतल्या मोठ्या एक्सपोजरचे प्रत्येकी दहा काळे फोटो घ्या. त्या तापमानाचा नॉइज हॉटेलच्या खोलीत परत मिळत नाही.